तो ट्रे फेकू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"आम्ही जानेवारीत डोंबिवली पूर्वेला रीसेलचा टू बीएचके घेतला. इमारत १९८७ सालची, चार मजली, आमचा दुसरा मजला. किंमत ५८ लाख. कर्ज ४२ लाखांचं, आणि माझ्या बाबांनी फंडातले १० लाख दिले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. घर नुकतंच रंगवलेलं होतं, पॅसेज आणि बेडरूमला नवं कोरं फॉल्स सीलिंग होतं. 'हेच घ्यायचं' हा हट्ट माझा. जुलैत पॅसेजच्या सीलिंगला डाग पडला. सुताराने एक तुकडा कापून काढला तर वर सळया उघड्या, आणि स्लॅबला तारेने बांधलेला प्लास्टिकचा ट्रे. ट्रेला नळी लावून ती बाथरूमच्या खिडकीतून बाहेर सोडलेली. ट्रे भरून वाहत होता. तीन ठेकेदारांनी पावणेदोन, साडेतीन आणि साडेसहा लाख असे आकडे सांगितले. विकणारे काका फोन उचलत नाहीत. वरचे म्हणतात, आमच्याकडे कोरडं आहे. सेक्रेटरी म्हणतात, घरातलं तुमचं तुम्ही बघा. आमचे हे काहीच बोलत नाहीत, आणि त्या न बोलण्याचाच मला जास्त त्रास होतो. गणपतीत आईबाबा सोलापूरहून या घरी पहिल्यांदा येणार आहेत. निदान तोवर पावणेदोन लाखांत प्लास्टर करून सीलिंग पुन्हा लावून घेऊ का? बाबांना हे दिसायला नको."

ताई,

तुमच्या पत्रात प्रश्न बरेच आहेत, पण आज रात्री झोपायच्या आत दोन कामं करा, ती आधी सांगते. बेडरूमचा पंखा उतरवून ठेवा. पंख्याचा हूक स्लॅबच्या सळईलाच अडकवलेला असतो. शेजारच्या सळया गंजल्या असतील तर हूकही गंजला असण्याची दाट शक्यता आहे, आणि फिरत्या पंख्याचा हिसका तो रोज सोसतो आहे. टेबल फॅनवर भागवा. दुसरं, सीलिंगमधले दिवे ज्या एमसीबीवर, म्हणजे मीटरजवळच्या बोर्डातल्या सुरक्षा स्विचवर आहेत, तो पाडून ठेवा. पाणी सीलिंगच्या आत पसरलंय, आणि त्या काळच्या वायरिंगमध्ये अर्थिंग धड असेलच असं धरून चालू नका. सळया दिसतात त्याच्या खाली अंथरूण घालू नका, आणि घरात लहान मूल असेल तर त्याला तिथे खेळू देऊ नका.

आता सीलिंगचं. नका लावू. गणपतीसाठी नको, आईबाबांसाठी तर नकोच.

हे मी ज्या अनुभवावरून सांगते तो माझ्याच घरातला आहे. ठाणे ते बदलापूर पट्ट्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं मी तीस वर्षं केली. आमचं पहिलं घर ठाण्यातलं, तेही रीसेलचं. मुलाची मुंज तीन आठवड्यांवर होती, मागच्या खोलीच्या छताला फुगवटा आला होता, आणि पाहुणे येणार म्हणून मी तो तासून, वरून गिलावा करून, रंग मारून घेतला. सळई उघडून बघितली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात, रात्री अकराच्या सुमाराला ताटाएवढा पोपडा शिलाई मशीनवर पडला आणि मशीनचं चाक वाकलं. त्या मशीनवर सासूबाई रोज दुपारी बसायच्या. ते वाकलेलं चाक मी अजून ठेवलंय. कुणी म्हणालं की "मॅडम, सध्या वरवरचं करून द्या", की मला ते आठवतं.

आत काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे ठेकेदाराशी तुम्हाला बरोबरीने बोलता येईल. ताजं काँक्रीट क्षारधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचं असतं, आणि तो क्षार सळईभोवती एक पातळ कवच राखून असतो. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपतो आणि क्षार मारत जातो. तो सळईपर्यंत पोहोचला की कवच जातं. मग ओल मिळाली की गंज सुरू. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून फुगलेली सळई काँक्रीटला आतून ढकलते. आधी सळईच्या रेषेत केसासारखी भेग, मग फुगवटा, मग पोपडा. १९८० च्या दशकातल्या कितीतरी इमारतींत सळईखालचं काँक्रीट बोटाच्या जाडीचंही नसतं, त्यामुळे हा प्रवास लवकर होतो. असल्या सळईवर नुसतं प्लास्टर थापलं तर गंज आत चालूच राहतो, आणि पुढच्या खेपेला जुनं काँक्रीट नवं प्लास्टर घेऊन खाली येतं. पावणेदोन लाखांत तुम्हाला तेच मिळणार आहे.

पण सळईच्याही आधी पाणी. पाणी बंद झाल्याशिवाय छताला हात लावू देऊ नका, कितीही चांगला माणूस असला तरी.

डाग जुलैत आला म्हणून तो पावसाचाच असं समजू नका. तुमच्या डोक्यावर गच्ची नाही, दोन मजले आहेत. आणि तो ट्रे तिथे आधीपासून होता, म्हणजे पाणीही आधीपासून ठिबकत होतं. माझा अंदाज असा की नळी तुंबली, म्हणून ट्रे वाहिला. नळीचं तोंड बघा. आत पांढरा थर बसलेला असेल तर तो काँक्रीटमधून धुऊन आलेला चुना, आणि हे एका मोसमाचं काम नाही. पुढचे चार दिवस ट्रेच्या जागी स्वच्छ बादली ठेवा आणि वहीत लिहा: किती वाजता किती पाणी जमलं, तेव्हा पाऊस होता का, वरच्यांच्या आंघोळी कधी झाल्या. सकाळी साडेसात ते नऊ जास्त आणि दुपारी कमी असं दिसलं तर दुखणं वरच्या नहाणी ट्रॅपपाशी (बाथरूमच्या जाळीखालच्या, पाणी जायच्या भांड्यापाशी) किंवा सांडपाण्याच्या पाइपात आहे. दिवसरात्र सारखंच ठिबकत असेल तर भिंतीतली नळाची लाइन फुटली असेल. पाऊस आला की वाढतं असं दिसलं तर बाहेरची भिंत किंवा डक्टमधला, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतला सामाईक पाइप बघावा लागेल. ही चार दिवसांची वही पुढे इंजिनिअरलाही लागेल आणि वकिलालाही.

वरचे खोटं बोलतात असं मनात धरू नका. जुन्या बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो, त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरून वर फरशी बसवलेली असते. ट्रॅपचा सांधा सुटला की पाणी त्या भरावात साठतं आणि खालच्या घरात उतरतं. वरच्यांच्या पायाखाली खरोखरच कोरडं असतं. त्यांना तक्रारीचा कागद पाठवण्याआधी चहाला बोलवा आणि शिडी लावून वर बघायला सांगा. पाय त्यांचेही त्याच स्लॅबवर आहेत, हे शिडीवर चढलेल्या माणसाला कुणी वेगळं सांगावं लागत नाही. मग चाचणी सोपी आहे: ट्रॅपला बोळा घालून बंद करायचा, बाथरूममध्ये दोन-तीन इंच रंगीत पाणी चोवीस तास साठवायचं आणि खाली बघायचं. रंग उतरला तर वाद मिटला. नाही उतरला तर बोळा काढून तेच पाणी एकदम सोडायचं, कारण ट्रॅपच्या खालचा पाइप गळत असेल तर ते पाणी वाहतानाच कळतं.

तीन ठेकेदारांच्या आकड्यांची तुलना करत बसू नका, कारण ते तीन वेगळ्या कामांचे आकडे आहेत. एकाने रंगरंगोटी धरली आहे, एकाने बहुधा फक्त पॅसेज, तिसऱ्याने कदाचित अख्ख्या घराचं छत. आधी स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, जो काम घेणार नाही, फक्त तपासून लिहून देईल. त्याची फी तुम्हाला आत्ता जड वाटेल, तरी द्या. तो हातोडीने सगळं छत ठोकून बघेल. भरीव जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द येतो. तुम्हीही मागे उभ्या राहा आणि ऐका, अर्ध्या तासात फरक कळायला लागतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकायला सांगा. क्षार शाबूत असेल तिथे गडद गुलाबी रंग येतो, मेला असेल तिथे रंग येतच नाही. सळईपर्यंत गुलाबी आहे की नाही, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

तो जे काम लिहून देईल ते साधारण असं असेल: लोखंडी टेकू लावायचे, सुटलेलं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडून काढायचं, सळई तारेच्या ब्रशने लख्ख करायची, मग मोजायची. दहा मिलिमीटरची सळई घासल्यावर आठ उरली तर डोळ्याला फार फरक दिसत नाही, पण छेदाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गेलेला असतो. तिथे जोडीला नवी सळई बांधावी लागते. मग गंजरोधक लेप, मग जुन्या-नव्याला धरणारा लेप, मग पॉलिमर मॉर्टरचे थर, आणि सांगेल तितके दिवस पाणी मारणं. या यादीवर तिघांकडून चौरस फुटाचा दर मागवा, ठोक भाव घेऊ नका. सळया घासून झाल्या की मॉर्टर लावण्याआधी फोटो काढल्याशिवाय पुढचा हप्ता द्यायचा नाही, आणि दहा टक्के रक्कम पुढचा पावसाळा सरेपर्यंत हातात ठेवायची, हे कागदावर लिहून घ्या.

सेक्रेटरींचं "तुमचं तुम्ही बघा" मात्र मुळीच मान्य करू नका. राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांचे जे आदर्श उपविधी (बाय-लॉज, म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नियम) आहेत त्यांत सोसायटीने आपल्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. तिच्यात सामाईक पाइपांची गळती आहे आणि सर्व सदनिकांच्या छतांची स्ट्रक्चरल दुरुस्तीही आहे. संडास, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती ज्या त्या सदनिकाधारकाच्या खर्चाची. म्हणजे तुमच्या बाबतीत पाणी थांबवण्याचा खर्च बहुधा वरच्यांचा, स्लॅबचा सोसायटीचा, आणि रंग-सीलिंग-वायरिंग तुमचं. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी मागवून तेवढं पान वाचा आणि त्याचा हवाला देऊन लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटची, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीची प्रतही त्याच अर्जात मागा. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडलेलीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं, असं उपविधीच सांगतात. तुमची इमारत तिशीच्या कधीच पुढे गेली आहे. ऑडिट झालंच नसेल तर तो तुमच्या पॅसेजपुरता प्रश्न उरत नाही. भिवंडीची जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे लोक झोपेत असताना कोसळली, ती १९८४ सालची होती. तुम्हाला घाबरवायचं नाहीये. पण तुमच्याच रांगेतल्या वरच्या-खालच्या घरांत जाऊन विचारा. फॉल्स सीलिंग आणखी कुणी केलंय, कुणाच्या बाथरूमबाहेर ओल आहे. तीन घरं सापडली की सेक्रेटरी सभा बोलावतील.

त्याच सभेत पुनर्विकासाचंही स्पष्ट विचारा. तीन-चार वर्षांत इमारत पाडायची बोलणी चालू असतील तर तुमचा खर्चाचा हिशोब बदलतो: स्लॅब सुरक्षित करण्यात एक रुपयाही वाचवायचा नाही, पण फरशी, नवं किचन, भिंती फोडून वायरिंग यात पैसा घालायचा नाही. वायरिंगसाठी तेवढ्यापुरतं अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच बसवा.

आता विकणारे काका. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेत असा मोठा दोष असेल जो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तर तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. न सांगणं म्हणजे कपट, असं तेच कलम म्हणतं. बहुतेक लोक इथेच अडतात, कारण "त्यांना माहीत होतं" हे सिद्ध करता येत नाही. तुमच्याकडे तो ट्रे आहे. कुणीतरी तो तारेने बांधला, त्याला नळी लावली, नळी खिडकीबाहेर काढली आणि मग वरून सीलिंग लावलं. म्हणून ट्रे, तार, नळी यांतलं काही फेकू नका. काढण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ घ्या, मूळ फोनमधून पुसू नका. दोन शेजाऱ्यांना बोलावून काय दिसतंय ते साध्या कागदावर लिहून त्यांच्या सह्या घ्या. काकांशी आणि एजंटशी झालेले व्हॉट्सॲपचे संदेश जपून ठेवा, आणि सीलिंग केलेल्या कारागिराचा पत्ता वॉचमनला विचारा. गेटवर असल्या माणसांची नोंद बहुधा सापडते.

खरेदीखत काढून त्यात "आहे त्या स्थितीत" अशा अर्थाचं कलम आहे का बघा, कारण करारात वेगळं ठरलं असेल तर वकिलाला त्याचा विचार करावा लागेल. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यामधली पाच वर्षांची दोषदुरुस्तीची हमी बिल्डरवर असते, चाळीस वर्षांच्या रीसेलला तिचा उपयोग नाही. खाजगी माणसाकडून घर घेतलंत, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ताही बहुधा तुमच्यासाठी नाही. उरतं दिवाणी न्यायालय. तिथे कपट उघडकीला आल्यापासून साधारण तीन वर्षांची मुदत धरतात, तर दिवाळीपर्यंत वकील नक्की करा. माझं मत विचाराल तर आधी इंजिनिअरचा अहवाल जोडून नोटीस पाठवा आणि खर्चाच्या भरपाईवर तडजोडीची तयारी ठेवा. दावे वर्षानुवर्षं चालतात, आणि छत तेवढं थांबत नाही. पैसे परत येतील असं धरून दुरुस्ती अडवून ठेवू नका. रक्कम कमी पडली तर पर्सनल लोन घेण्याआधी गृहकर्ज दिलेल्या बँकेत टॉप-अपची चौकशी करा, व्याज बरंच कमी पडतं.

यजमानांच्या गप्प बसण्याचं कारण मला दुरून कळणार नाही. पण त्या कलमातले "साधारण काळजी" हे शब्द त्यांच्यासमोर ठेवा. तुम्ही दोघांनी कागद बघितले, नळ सोडून बघितले, स्टेशनचं अंतर बघितलं. सहा महिन्यांचं सीलिंग फोडून वर बघायची अपेक्षा कायदासुद्धा घेणाऱ्याकडून करत नाही. हट्ट तुमचा होता हे खरं असेल, पण ट्रे तुम्ही बांधला नव्हता. पाण्याची वही त्यांच्याकडे द्या, सकाळी साडेसातची नोंद त्यांना करू द्या. हाताला काम लागलं की बोलणंही हळूहळू सुरू होतं, असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

आणि बाबा. गणपती हॉलमध्ये बसवा. इंजिनिअर हॉलचं छत ठोकून देईल, ते भरीव निघालं तर तिथे काही अडचण नाही. पॅसेजमध्ये टेकू असतील, त्यांना बगल देऊन पाहुणे आत येतील, आरती होईल, मोदक होतील. बाबांपासून लपवायचं तर तुम्हाला ते सीलिंग पुन्हा लावावं लागेल, आणि मग त्या सीलिंगखालून त्यांनी रोज बाथरूमला जायचं. हे तुम्हाला चालणार नाही, म्हणूनच तुम्ही मला पत्र लिहिलंत असं मला वाटतं.

ज्या माणसाने आयुष्यभर एसटीच्या गाड्यांखाली झोपून गंजलेल्या चॅसी तपासल्या, त्याला गंज दाखवायला तुम्ही घाबरता आहात. कुठला पत्रा घासून चालेल आणि कुठला बदलावाच लागेल, हे त्यांना तुमच्या तिन्ही ठेकेदारांपेक्षा जास्त कळत असेल. आजच फोन करा, रक्कम सांगा, ट्रेचा फोटो पाठवा. आणि गणपतीची वाट न बघता सळया घासायच्या आठवड्यातच या म्हणावं, येताना जुना व्हर्निअर कॅलिपर पिशवीत टाका. सळया मोजायच्या आहेत.